सीआयएएचा हजेरीपट

शाळेचा खरा इतिहास कुठे सापडतो, असे कुणी विचारले तर मी हजेरीपटाकडे बोट दाखवतो. स्मरणिकेत आणि अहवालात शाळेला काय व्हायचे होते ते लिहिलेले असते. हजेरीपटात कोण आले, कोण दाखला काढून गेले आणि कोण मधूनच परत आले, एवढेच असते. पण ती नावे नीट वाचली तर मोहल्ल्याची, गावाची आणि काळाची सगळी हकीकत त्यातून उलगडते.

आज अशाच एका हजेरीपटाबद्दल लिहायचे आहे. तो आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॉलेजांच्या एका क्रीडा संघटनेचा आहे. तिचे नाव सीआयएए. ११० वर्षांहून अधिक काळ ही संघटना चालू आहे. या काळात तिच्यातून कितीतरी कॉलेजे गेली आणि कितीतरी आली. त्या येण्या-जाण्यात एक प्रश्न दडलेला आहे. ज्यांना बाहेर ठेवले गेले त्यांनी स्वतःसाठी एक घर बांधले. पुढे बाहेरचे दार उघडले. मग त्या घराचे काय झाले?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठ घेते. कोणते कॉलेज कोणत्या विभागात खेळणार, हे विद्यापीठ ठरवते. अमेरिकेत तसे नाही. तिथे आठ-दहा किंवा बारा-चौदा कॉलेजे एकत्र येऊन आपले मंडळ स्थापन करतात. त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. वर्षाचे बहुतेक सामने या मंडळातल्याच कॉलेजांशी होतात, नियम मंडळ करते, पंच मंडळ नेमते, विजेतेपद मंडळाचे असते. मंडळात राहणे किंवा सोडणे हा कॉलेजचा स्वतःचा निर्णय असतो. म्हणून कोणते कॉलेज कोणाबरोबर बसले, यावरून त्या कॉलेजची पत, पैसा आणि स्वप्ने कळतात. आपल्याकडे सोयरीक कुणाशी जमली यावरून घराण्याची पायरी जशी ठरवली जाते, तसाच हा प्रकार.

या मंडळांच्या वर एनसीएए ही राष्ट्रीय संस्था आहे. १९०५ साली कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडूंचे मृत्यू झाल्याने मोठा गदारोळ उठला. त्यातून १९०६ मध्ये ती उभी राहिली. आज तिच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत पैसा, दूरदर्शन आणि प्रसिद्धी आहे, आणि तितकाच खर्चही आहे.

आता १९१२ कडे येऊ. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, असा कायदाच होता. १८९६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. गोरी कॉलेजे काळ्या कॉलेजांशी सामने खेळत नसत, त्यांना आपल्या मंडळांत घेत नसत. काळ्या कॉलेजांचे आपसातले सामने होत होते, पण त्यांत शिस्त नव्हती. कुणी खेळायचे, किती वर्षे खेळायचे, नाव घातलेला खेळाडू खरोखर त्या कॉलेजचा विद्यार्थी आहे का, याचा सर्वमान्य नियम नव्हता. तालुका पातळीवर मुलांचे संघ घेऊन गेलेल्या कुणाही शिक्षकाला या भानगडी समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

त्या वर्षी व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये पाच कॉलेजांची माणसे जमली. यजमान हॅम्प्टन, वॉशिंग्टनचे हॉवर्ड, पेनसिल्व्हेनियाचे लिंकन, नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथील शॉ, आणि रिचमंडचे व्हर्जिनिया युनियन. हॅम्प्टनचे चार्ल्स विल्यम्स आणि हॉवर्डचे अर्नेस्ट मार्शल हे या कामात पुढे होते. संघटनेचे नाव ठेवले 'कलर्ड इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन'. कृष्णवर्णीय कॉलेजांची ही देशातली सर्वांत जुनी क्रीडा संघटना. या पाचांपैकी लिंकन १८५४ चे, म्हणजे गुलामगिरी अजून कायद्याने चालू असतानाचे. बाकी चार यादवी युद्ध संपल्यानंतरच्या तीन-चार वर्षांत निघालेली. जोतीरावांनी १८७३ साली ज्या मुक्तीसाठी अमेरिकेतील सदाचारी लोकांना 'गुलामगिरी' अर्पण केली, त्याच मुक्तीची ही शैक्षणिक अपत्ये म्हणता येतील.

१९१२ हे साल आपल्यालाही परके नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये आधी युरोपियन आणि पारशी एकमेकांशी खेळत, १९०७ पासून हिंदू संघ आला, आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ दाखल होऊन चौरंगी सामने सुरू झाले. १९३७ मध्ये 'द रेस्ट' हा पाचवा संघ येऊन पंचरंगी झाले. वरवर पाहता हे आणि ते सारखेच वाटते, कारण दोन्हीकडे संघाची ओळख जमातीवरून. पण मुळात फरक आहे. मुंबईत जमातींचे संघ एकाच मैदानावर समोरासमोर उभे राहत. सीआयएएच्या कॉलेजांना समोर उभे राहण्याचीच मुभा नव्हती. त्यांनी वेगळे मैदान निवडले नव्हते, ते त्यांच्या वाट्याला आले होते. म्हणून कुठल्याही समाजाच्या वेगळ्या संस्थेला 'फुटीर' म्हणण्याआधी, ती कुठल्या दारातून परतून आली आहे हे पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

यादी पुढे वाढत गेली. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया या भागांतील कॉलेजे एकेक करून आली. मॉर्गन, व्हर्जिनिया स्टेट, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी, ब्लूफील्ड स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया स्टेट, विन्स्टन-सेलम. या मंडळाचा उपयोग फक्त वेळापत्रकापुरता नव्हता. परगावी गेलेल्या काळ्या संघाला हॉटेलात खोली मिळत नसे, खानावळीत ताट मिळत नसे. ज्या कॉलेजशी सामना त्याच कॉलेजच्या वसतिगृहात मुक्काम आणि जेवण. म्हणजे सभासद यादी ही एका परीने मुक्कामाच्या ठिकाणांचीही यादी होती.

या काळातले सर्वांत मोठे नाव जॉन मॅकलेंडन यांचे. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात शिकवत असताना मॅकलेंडन तिथे त्यांचे विद्यार्थी होते. पण काळे असल्यामुळे विद्यापीठाच्या संघातून त्यांना खेळता आले नाही. ते पुढे डरहॅम शहरातील नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज या कॉलेजचे प्रशिक्षक झाले. मार्च १९४४ मध्ये एका रविवारी सकाळी त्यांच्या व्यायामशाळेत एक सामना झाला. समोर त्याच शहरातील ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ होता. दारे आतून बंद केलेली, प्रेक्षक कुणी नाही. असा सामना त्या राज्यात कायद्याला धरून नव्हता. मॅकलेंडन यांच्या मुलांनी तो ८८–४४ असा जिंकला. मग दोन्हीकडच्या मुलांनी आपापसात मिसळून, संघ बदलून आणखी एक सामना खेळला. ही गोष्ट जगासमोर यायला १९९६ साल उजाडावे लागले. कुणी फोटो काढला नाही, कुणी बातमी दिली नाही. जिंकूनही सांगता येत नाही, अशी ती अवस्था होती.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, मॅकलेंडन आणि इतर काही प्रशिक्षकांनी मंडळाची स्वतःची बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली. जागा वॉशिंग्टनचे टर्नर्स अरीना. पहिल्याच वर्षी अंतिम सामना तीनदा जादा वेळ देऊन निकाली लागला आणि मॅकलेंडन यांच्या संघाने व्हर्जिनिया युनियनला हरवले. नेमक्या त्याच सुमाराला, म्हणजे १९४५–४६ च्या हंगामानंतर, मुंबईचे पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. आपल्याकडे जमातवार खेळाचा शेवट आणि तिकडे काळ्या कॉलेजांच्या स्पर्धेचा आरंभ एकाच साली व्हावा हा योगायोग आहे, पण विचार करायला लावणारा. एक स्पर्धा लोक एकत्र येऊ शकत होते तरी त्यांना वेगळे मोजत होती. दुसरी स्पर्धा ज्यांना वेगळे काढले होते त्यांना एकत्र आणत होती.

सीआयएएची ती स्पर्धा लवकरच निव्वळ खेळ राहिली नाही. माजी विद्यार्थी, शिक्षक, वकील, डॉक्टर, धर्मगुरू, नवी लग्ने जुळवणाऱ्या मावश्या, सगळ्यांचा तो वार्षिक मेळा झाला. आपल्याकडे एखाद्या उरुसाला लोक दर्शनासाठी जातात तसे माणसे भेटण्यासाठीही जातात. तेच इथे झाले.

१९५० हे वळणाचे वर्ष. त्या डिसेंबरात संघटनेने आपल्या नावातला 'कलर्ड' शब्द काढून तिथे 'सेंट्रल' घातला. आद्याक्षरे तीच राहिली. याच वर्षी ३१ ऑक्टोबरला अर्ल लॉइड हा खेळाडू एनबीएच्या सामन्यात उतरला. तिथे खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. तो सीआयएएचे सभासद असलेल्या वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजातून आला होता. दार किलकिले झाले होते.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद बेकायदा ठरवला. याचा सीआयएएच्या हजेरीपटावर झालेला पहिला परिणाम कुणाला वाटेल त्याच्या उलटा होता. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने निकाल लवकर मानला. तिथल्या दोन सरकारी काळ्या कॉलेजांत, म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया स्टेट आणि ब्लूफील्ड स्टेटमध्ये, आसपासच्या गोऱ्या मुलांनी प्रवेश घ्यायला सुरुवात केली. घराजवळचे, कमी फीचे कॉलेज कुणाला नको? १९५५ मध्ये दोन्ही कॉलेजे सीआयएए सोडून आपल्या राज्याच्या मंडळात गेली. एकात्मता म्हणजे काळी मुले गोऱ्या कॉलेजात जातील, एवढेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. इथे गोरी मुले काळ्या कॉलेजात आली, आणि काही वर्षांत कॉलेजच गोरे झाले.

ब्लूफील्डची कथा विशेष बोचरी आहे. १९६६ मध्ये तिथे पहिला गोरा अध्यक्ष नेमला गेला. काळे विद्यार्थी आणि शिक्षक कमी होत गेले, असंतोष वाढला. नोव्हेंबर १९६८ मध्ये कॉलेजच्या व्यायामशाळेच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर वसतिगृहे बंद करण्यात आली. बाहेरगावची काळी मुले ज्या वसतिगृहात राहत तेच गेले, मग ती मुले येणार कशी? आज हे कॉलेज कायद्याने 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय' म्हणून नोंदलेले आहे, आणि तिथले बहुसंख्य विद्यार्थी गोरे आहेत.

दुसरा परिणाम सगळ्यांना अपेक्षित असलेला, पण तोही वेदना देणारा. १९६७ मध्ये विन्स्टन-सेलमच्या संघाने एनसीएएच्या छोट्या कॉलेजांच्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. एनसीएएचे बास्केटबॉल विजेतेपद जिंकणारे ते पहिले काळे कॉलेज. प्रशिक्षक क्लॅरेन्स गेन्स, ज्यांना सगळे 'बिग हाउस' म्हणत, आणि खेळाडू अर्ल मन्रो, ज्याने त्या हंगामात सामन्यामागे ४१ हून अधिक गुण केले. सीआयएएचा हा कळस होता. पण त्याच हंगामात, त्याच राज्यात, चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चार्ली स्कॉट हा काळा खेळाडू शिष्यवृत्तीवर दाखल झालेला होता. त्या विद्यापीठाने काळ्या खेळाडूला शिष्यवृत्ती देण्याची ती पहिली वेळ. पुढचा अर्ल मन्रो विन्स्टन-सेलमला येणार नव्हता.

गेन्स १९९३ पर्यंत तिथेच राहिले, ८२८ सामने जिंकले. पण मोठी विद्यापीठे आता चांगला खेळाडू आधी उचलत. यात खेळाडूंचा दोष काढायचा का? मी उर्दू शिकवतो. आमच्या वर्गातली हुशार मुलगी चांगल्या इंग्रजी शाळेत गेली तर मला वाईट वाटते, आणि मी तिच्या दाखल्यावर आनंदाने सही घेऊन देतो. दोन्ही भावना खऱ्या असतात. तिचा हक्क आमच्या पटसंख्येपेक्षा मोठा आहे. पण ज्या शाळेने तिला पहिली अक्षरे दिली त्या शाळेकडे मागे वळून कोण पाहणार, हा प्रश्नही खोटा ठरत नाही.

तिसरा बदल आतूनच झाला. १९७० च्या सुमाराला काही मोठ्या सभासदांना वाटू लागले की आपण अधिक वरच्या पातळीवर खेळू शकतो. हॉवर्ड, मॉर्गन स्टेट, डेलावेअर स्टेट, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी, नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल आणि मेरीलँड स्टेट ही सीआयएएची कॉलेजे, आणि दुसऱ्या मंडळातून आलेले साउथ कॅरोलायना स्टेट यांनी मिळून मीॲक हे नवे मंडळ काढले. १९८० मध्ये ते पहिल्या श्रेणीत गेले. सीआयएए दुसऱ्या श्रेणीत राहिले. ज्या पाच कॉलेजांनी १९१२ मध्ये पाया घातला त्यांतले हॉवर्ड असे गेले. १९९५ मध्ये हॅम्प्टनही मीॲकमध्ये गेले. ज्या घरात संघटनेचा जन्म झाला तेच घर यादीतून गेले. लिंकन मध्ये बरीच वर्षे बाहेर राहून परतले. अखंड टिकले ते शॉ आणि व्हर्जिनिया युनियन.

वरची पायरी चढणे सर्वांना मानवले असे नाही. विन्स्टन-सेलमने २००६ मध्ये सीआयएए सोडून मीॲकची वाट धरली. पहिल्या श्रेणीचा खर्च झेपेना. शेवटी २०१० मध्ये ते परत आले. परत येऊन रडत बसले नाहीत. २०१२ मध्ये, म्हणजे सीआयएएच्या शताब्दी वर्षात, त्यांचा फुटबॉल संघ दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलची तऱ्हा वेगळी. १९७० च्या दशकात गेले, १९८० मध्ये सीआयएएत परतले, २००७ मध्ये पुन्हा बाहेर पडले आणि पुढे मीॲकमध्येच स्थिरावले. हजेरीपटात एकाच मुलाचे नाव दोनदा येते आणि दोनदा कटते, तसे.

गंमत अशी की सीआयएएला जे मीॲकने केले तेच पुढे मीॲकला इतरांनी केले. २०१८ मध्ये हॅम्प्टन मीॲक सोडून बिग साउथ या मिश्र मंडळात गेले. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी त्याच वाटेने गेले. त्याच वर्षी फ्लोरिडाची दोन कॉलेजे, फ्लोरिडा ए अँड एम आणि बेथ्यून-कुकमन, दुसऱ्या एका कृष्णवर्णीय मंडळाकडे गेली. मीॲकमध्ये आठ कॉलेजे उरली. सोडून जाणारे प्रत्येक कॉलेज एकच कारण सांगते: प्रवासाचा खर्च, पैसा, प्रसिद्धी. गोऱ्या विद्यापीठांच्या बड्या मंडळांतही हीच पळापळ चालू आहे. तिथे दूरदर्शनच्या करारांसाठी शंभर वर्षांची शेजारधर्माची नाती तुटली. फरक एवढाच की श्रीमंत कॉलेज मंडळ सोडते तेव्हा मंडळाला नवा सभासद मिळतो. गरीब मंडळातून एक गेले की उरलेल्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न येतो. सीआयएएच्या यादीतील व्हर्जिनियाचे सेंट पॉल्स कॉलेज कुठल्या मोठ्या मंडळात गेले नाही. त्याने २०११ मध्ये खेळ बंद केले आणि २०१३ मध्ये कॉलेजच बंद पडले.

तरी सीआयएए संपली नाही. तिची बास्केटबॉल स्पर्धा बरीच वर्षे शार्लट शहरात भरली. २०२१ मध्ये महामारीमुळे रद्द झाली आणि २०२२ पासून बाल्टिमोरला भरते. दरम्यान तिने आपले दारही रुंद केले. २००८ मध्ये चोवन हे मूळचे गोऱ्यांचे कॉलेज फुटबॉलसाठी तिच्यात आले. कृष्णवर्णीय नसलेले ते पहिले सभासद. ज्यांना वगळले गेले होते त्यांनी आपल्या यादीत वंशाची अट ठेवली नाही, ही गोष्ट लहान नाही.

आणि आता पुन्हा ब्लूफील्ड. ज्या राज्य मंडळासाठी त्याने १९५५ मध्ये सीआयएए सोडली होती ते मंडळ २०१३ मध्ये विस्कटले. मोठ्या कॉलेजांनी मिळून नवे मंडळ काढले, त्यात ब्लूफील्डला जागा मिळाली नाही. दहा वर्षे ते कुठल्याच मोठ्या मंडळात नव्हते. २०२१ मध्ये त्यांनी ४१ वर्षे बंद असलेला फुटबॉल पुन्हा सुरू केला. २०२३ मध्ये ज्या मंडळाने त्यांना घेतले ते सीआयएए. ६८ वर्षांनी नाव पुन्हा त्याच यादीत आले. तोवर विद्यार्थी बदलले होते, अध्यक्ष बदलले होते, सगळे बदलले होते. घराने विचारले नाही की आता तुम्ही आमच्यातले राहिलात का.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकतो. वेगळी संस्था अन्यायातून जन्मते, पण अन्याय संपला म्हणून तिचे काम संपत नाही. दार उघडणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे, त्यासाठी लढलेच पाहिजे, आणि दार उघडल्यावर जो जाईल त्याला दुवा देऊनच पाठवले पाहिजे. पण दाराबाहेरच्या जगात सगळ्यांना जागा मिळतेच असे नाही. कुणी खर्चाने दमून परततो, कुणाला नवे मंडळ घेत नाही. तेव्हा परत येण्यासाठी एक यादी चालू असावी लागते. ती चालू ठेवणारे लोक मोठ्या बातम्यांत येत नाहीत. शॉ आणि व्हर्जिनिया युनियन यांची नावे आपण कुणी ऐकली होती? पण १९१२ पासून तीच हजेरी लावत आहेत.